घरच्या संगणकाचा कारभारी

आमच्या लहानपणीं घरांतील सत्ता कोणाच्या हातीं आहे हें नवख्या पाहुण्यासही विचारावें लागत नसे. आजीच्या कमरेस किल्ल्यांचा जुडगा असे, आणि ती माजघरांतून परसाकडे निघाली कीं त्या जुडग्याच्या आवाजानें घर सावध होई. कोठीची, लोणच्यांच्या फडताळाची, तांब्यापितळेच्या पेटाऱ्याची, दागिन्यांच्या पेटीची अशा साऱ्या किल्ल्या त्यांत असत. आजोबा कर्ते पुरुष खरे, परंतु पाव्हण्यांसाठीं साखर काढावयाची झाली तरी त्यांना आजीकडे पाहावें लागे. आजी वारली आणि तेराव्यानंतर तो जुडगा आईच्या कमरेस आला. कोणती किल्ली कोणत्या कुलुपाची हें आईस अगोदरच पाठ होतें. कोणी कोणास कांहीं समजावून सांगितल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

हल्लीं घरांत आणखी एक कोठी आली आहे. तिची किल्ली दिसत नाहीं, वाजत नाहीं, कमरेस अडकवितां येत नाहीं. आमच्या लोणावळ्याच्या घरीं ही कोठी २०१७ सालीं आली. आमचे वडील बंधु बँकेच्या नोकरींतून निवृत्त झाले (घरांत लहानथोर सगळेच त्यांना दादा म्हणत), आणि हातीं आलेल्या पैशांतून त्यांनीं एक संगणक आणून माडीवरील खिडकीशीं मांडला. आम्ही तिघे भाऊ, आमचीं कुटुंबें व मुलेंबाळें मिळून घरांत तेव्हां अकरा माणसें होतीं. दादांनीं शिस्तीनें सहा खातीं काढलीं. ज्यानें त्यानें आपल्या नांवावर टिचकी मारावी, आपला परवलीचा शब्द द्यावा, आणि आपल्याच खोलींत जावें. आमचे लेख आमच्या खात्यांत, सूनबाईचीं पत्रें तिच्या खात्यांत, धाकट्या भावाचे शेअरबाजाराचे हिशेब त्याच्या खात्यांत. एकत्र कुटुंबांत इतकी स्वतंत्र खोली कोणास कधीं मिळाली नव्हती, आणि तीही एकाच टेबलावर!

या सहांपैकीं कारभारी मात्र एकटे दादा. इंग्रजींत या अधिकाऱ्यास अॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात व मराठी पडद्यावर त्याचें 'प्रशासक' असें भाषांतर होतें. आम्हांस कारभारी हाच शब्द अधिक आवडतो. मावळांतील शेतकऱ्याची बायको नवऱ्यास 'अहो कारभारी' अशीच हांक मारते, आणि त्या हांकेंत अधिकार जितका असतो तितकीच थट्टाही असते. नवा कार्यक्रम घालणें, यंत्राच्या मुळाशीं असलेली घडण बदलणें, नवें खातें काढणें वा जुनें मिटविणें, आणि मनांत आणल्यास दुसऱ्याच्या खोलीचें दार उघडणें, इतकीं कामें कारभाऱ्यावांचून होत नाहींत. यांतील शेवटचें काम कारभाऱ्यास करतां येतें, हें घरांतील कोणाच्याही तेव्हां ध्यानांत आलें नव्हतें.

२०२४ सालच्या मार्गशीर्षांत दादा रात्रीं झोपले ते सकाळीं उठले नाहींत. परवलीचा शब्द त्यांच्याबरोबर गेला.

सहा महिने कांहींच अडलें नाहीं, आणि याचेंच आज आश्चर्य वाटतें. जो तो आपल्या खोलींत जाई व येई. मुख्य किल्ली हरवली आहे हें कळण्यास मुख्य कुलूप उघडण्याची वेळ यावी लागते. ती वेळ ज्येष्ठांत आली. छापण्याचें जुनें यंत्र बिघडलें होतें म्हणून आम्हीं नवें आणलें व तें संगणकास जोडूं गेलों. तोंच सगळा पडदा काळवंडला आणि मधोमध एक चौकट उभी राहिली. पुढें जावयाचें असल्यास कारभाऱ्याचा परवलीचा शब्द द्यावा, असा तींतील मजकूर होता, आणि वर नांव होतें 'दादा'. वहिनी त्याच वेळीं चहा घेऊन माडीवर आल्या होत्या. त्यांची दृष्टि त्या नांवावर गेली व तेथेंच राहिली. आम्हीं चौकट मिटविली आणि छपाईचा बेत सोडून दिला.

परंतु छपाईचा बेत सोडतां आला तरी जमिनीचा सोडतां येईना. मळवलीच्या बाजूस आमचें थोडें भाताचें रान आहे. इंद्रायणी तांदूळ वर्षभर पुरतो इतकेंच त्याचें उत्पन्न. वडील वारल्यावर सात-बाराच्या उताऱ्यावर दादांचें एकट्याचें नांव लागलें होतें, व त्यापुढें 'ए. कु. मॅ.' हीं अक्षरें होतीं. हीं अक्षरें म्हणजे 'एकत्र कुटुंब मॅनेजर'. ज्या घरांत वडिलार्जित जमीन आहे त्यांना हीं तीन अक्षरें परिचयाचीं असतीलच. नांव एकाचें, परंतु मालकी सगळ्यांची. नांव असलेला केवळ सर्वांच्या वतीनें पाहणारा, असा त्यांचा अर्थ. दादा गेल्यावर आतां वारसांची नोंद वडगांवास करावयाची, तर जुने फेरफार आणि घरगुती वाटणीचा कागद दाखविणें अवश्य होतें. उतारे सरकारी दप्तरांतून मिळतात; वाटणीचा कागद कोठून मिळणार? मूळ कागद एका पावसाळ्यांत ओल लागून पानास पान चिकटून बसला होता. (लोणावळ्याच्या पावसांत चिकटत नाहीं अशी वस्तु चिक्कीच्या दुकानांतसुद्धां सांपडावयाची नाहीं.) त्यापूर्वींच दादांनीं त्याच्या स्वच्छ प्रतिमा काढून आपल्या खात्यांत ठेविल्या होत्या. हें सर्वांस ठाऊक होतें, आणि त्या खात्याचें दार बंद होतें.

एका दुकानदारास विचारलें. तो म्हणाला, "सगळें पुसून नव्यानें घालून देतों, काका. संध्याकाळीं घेऊन जा." त्यानें हें इतक्या आपुलकीनें सांगितलें कीं आम्ही क्षणभर 'बरें' म्हणणारच होतों!

मग शनिवारीं पुतण्या आला. तो हिंजवडीस एका कंपनींत असतो आणि असल्या विद्येंत पारंगत आहे. त्यानें यंत्राभोंवतीं एक फेरी घातली व म्हणाला, "काका, दहा मिनिटांचें काम आहे. पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करायचें आणि दादाकाकांचा जुना शब्द उडवून नवा घालायचा. पुरा कारभारी होऊन बसूं." आम्ही आनंदलों. परंतु वहिनी दारांत उभ्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, त्यांच्या खोलीचें कुलूप तोडायचें नाहीं. उघडतां येत असेल तर उघडा."

तोडणें आणि उघडणें यांतील हा भेद त्या वेळीं आम्हांस केवळ भावनेचा वाटला. पुतण्या मात्र गंभीर झाला. कुलूप बाहेरून उडविलें तर कांहीं वस्तु खरोखरच कायमच्या जातात, असें त्यानें आम्हांस समजावून दिलें. त्या खात्यांत साठविलेले इतर ठिकाणचे परवलीचे शब्द, आणि मालकानें विंडोजकडून गुप्तलिपींत ठेवविलेले कागद, हे जुन्या शब्दाशीं आंतून बांधलेले असतात. तो शब्द जबरदस्तीनें बदलला म्हणजे दार उघडतें, पण आंतील त्या पेट्यांच्या किल्ल्या वितळून जातात. सबंध तबकडीच गुप्तलिपींत असेल तर ४८ आंकड्यांची एक निराळीच किल्ली लागते, आणि ती नसल्यास पेनड्राइव्हही निरुपयोगी. शिवाय कायदाही आहे. मालकाच्या अनुज्ञेवांचून दुसऱ्याच्या संगणकांत शिरणें हें २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या विरुद्ध आहे. आतां मालक कोण? वहिनी, त्यांची ठाण्यास दिलेली कन्या, कीं एकत्र कुटुंब? या प्रश्नावर आम्हां दोघां भावांचा अर्धा तास वाद झाला, आणि तेवढ्यांत वीज गेली. खंडाळा-लोणावळ्याच्या धरणांचें पाणी घाटाखालीं खोपोलीस उतरवून १९१५ पासून मुंबईस वीज पुरविली जात आहे, परंतु आषाढांत आमच्या घरीं कंदील तयार ठेवावा लागतो तो लागतोच.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यास घेऊन आम्ही रानाकडे गेलों. मळवलीस उतरलें कीं समोर लोहगड व विसापूर हीं जोडनांवें उभीं राहतात. नुकतीच, ११ जुलै २०२५ रोजीं, युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें होतें, व त्या बारांत लोहगड होता. त्यामुळें गाडींत त्याचीच चर्चा चालली होती. पुतण्यास किल्ले चढण्याचा नाद आहे, पण लोहगडाच्या किल्लीची गोष्ट त्यास ठाऊक नव्हती. नाना फडणविसांनीं आपल्या पैशाची ठेव या गडावर ठेविली होती आणि गड धोंडोपंत नित्सुरे नांवाच्या आपल्या विश्वासू माणसाच्या स्वाधीन केला होता. १८०० च्या मार्चांत नाना वारले. त्यांच्या विधवा जिऊबाई लोहगडाच्या आश्रयास आल्या. दुसऱ्या बाजीरावास गड हवा होता. धोंडोपंतांनीं दिला नाहीं. अखेर १८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रज सेनापति वेलस्ली मध्यें पडला. जिऊबाईंस सुखरूप पनवेलीस जाऊं द्यावें व त्यांना वर्षास बारा हजारांची नेमणूक द्यावी असें ठरलें, तेव्हां गडाचे दरवाजे उघडले.

"म्हणजे दहा मिनिटांचें काम त्यांनींही केलें नाहीं," पुतण्या म्हणाला. आम्हीं उत्तर दिलें नाहीं. चिखलांत आमची वहाण रुतली होती.

घरीं परत आल्यावर त्यानें पुन्हा यंत्र चालू केलें, दादांच्या नांवावर टिचकी मारली आणि मुद्दाम एक चुकीचा शब्द दिला. खालीं बारीक अक्षरांत एक ओळ उमटली: शब्द नव्यानें ठरवावयाचा आहे काय? त्या ओळीवर टिचकी मारतांच तीन प्रश्न आले. विंडोज १० मध्यें २०१८ सालीं झालेल्या एका सुधारणेपासून अशी सोय आहे. आपल्याच यंत्रावरील स्थानिक खातें असेल तर मालकानें सहा ठराविक प्रश्नांतून तीन निवडून त्यांचीं उत्तरें देऊन ठेवावयाचीं. पुढें शब्द विसरला तर तींच उत्तरें दार उघडतात. दादांनीं निवडलेले प्रश्न असे: तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचें नांव काय? लहानपणीं तुम्हांस लाडानें काय म्हणत? तुमच्या आईवडिलांची भेट कोणत्या शहरीं झाली?

हे प्रश्न ज्या देशांत रचले गेले तेथें त्यांचीं उत्तरें माणसाच्या मनांत गुप्त असतील. एकत्र कुटुंबांत गुप्त काय असतें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हां भावांपैकीं कोणीही झोपेंत दिलें असतें. गोठ्यांतील तांबडी कालवड दादांच्या स्वाधीन होती व तिचें नांव तांबू. दुसऱ्या प्रश्नापाशीं आम्ही अडलों. आमच्या आठवणीपासून दादा हे दादाच. वहिनींनाही ठाऊक नव्हतें. नवऱ्याचें लहानपणचें नांव बायकोच्या कानीं पडूं नये याची आमच्या घरांत फार काळजी घेतली जात असे. तिसरा प्रश्न तर हास्यास्पदच वाटला. आमच्या आईवडिलांची भेट! आई वांईची. लग्न वांईस झालें, आणि अंतरपाट दूर होण्यापूर्वीं वडिलांनीं तिला पाहिलें नव्हतें, अशी आमची आजन्म समजूत. आम्हीं 'वांई' असें उत्तर घातलें, टोपणनांवाच्या जागीं दोनचार तर्क केले. उत्तरें जुळत नाहींत, असें यंत्र नम्रपणें सांगत राहिलें.

तळेगांवास आमची आत्या असते. वय सत्त्याऐंशी, दृष्टि अधू, स्मरण तल्लख. वहिनींनीं तिला फोन लावला आणि आम्हीं तो मोठ्यानें ऐकूं येईल असा ठेवला. "त्याला होय? घुम्या म्हणत असूं," आत्या तत्काळ म्हणाली. "चार वर्षांचा होईपर्यंत धड बोलत नव्हता मेला." सगळे हंसले, वहिनींच्या डोळ्यांस पाणी आलें. घुम्याच तो! सबंध आयुष्यांत जरुरीपेक्षां अधिक शब्द ज्यानें बोलला नाहीं, त्यानें परवलीचा शब्द तरी कोणास कसा सांगावा?

मग आम्हीं तिसरा प्रश्न विचारला. फोनवर कांहीं क्षण शांतता झाली. "आळंदी," आत्या म्हणाली. "तुम्हांला नसेल ठाऊक. लग्न ठरलें आणि तुझ्या बापाला मुलगी पाहावीशी वाटली. आमच्या बाबांपुढें बोलायची छाती कोणाची? कार्तिकीला त्या मंडळी आळंदीस यायच्या होत्या, हें त्यानें कोठूनसें काढलें, आणि मित्राला घेऊन पायीं गेला. घाटावर तिनें त्याला पाणी दिलें. तिला ठाऊकही नव्हतें हाच तो म्हणून. हें तुझ्या आईनें मला सांगितलें होतें, आणि घुम्याला सांगितलें असेल. तो तिच्या आजारपणांत रात्र रात्र बसे."

आम्ही सत्तरीस आलेले दोघे भाऊ एकमेकांकडे पाहात राहिलों. आमच्या बापानें हें केलें होतें! आणि दादांनीं तें आम्हांस कधीं सांगितलें नाहीं, मात्र यंत्रास सांगितलें.

तरीही दार उघडेना. इंग्रजी अक्षरांत तिन्ही उत्तरें घातलीं, मोठ्या लिपींत घातलीं, लहान लिपींत घातलीं. तेव्हां वहिनी म्हणाल्या, "ते मराठींतच लिहीत." पडद्याच्या खालच्या कोपऱ्यांत भाषा बदलण्याची सोय होती. पुतण्यानें ती फिरविली आणि हळूहळू अक्षरें टाकलीं: तांबू, घुम्या, आळंदी. यंत्रानें नवा शब्द मागितला.

वाटणीचा कागद 'शेत' नांवाच्या फोल्डरांत पहिल्याच नजरेंत दिसला. दादांची मांडणी बँकेच्या लेजरासारखी होती. वडगांवच्या कामाचें वर्णन करून वाचकांस शिणवीत नाहीं. अर्ज झाला, नोटिसा निघाल्या, मुदत संपली, नोंद झाली. 'शेत'च्या खालीं 'विमा', 'वीज', 'दिनदर्शिका' असे इतर फोल्डर होते, आणि सर्वांत खालीं एक बिननांवाचा होता. पुतण्याचा हात तिकडे गेला नाहीं, हें येथें नमूद करण्यासारखें आहे.

परंतु कारभाऱ्याच्या आसनावर बसतांच आम्हांस निराळीच गोष्ट दिसली. तेथून सर्वांच्या खोल्यांचीं दारें दिसत होतीं. सूनबाईच्या नांवावर टिचकी मारली कीं यंत्र प्रथम म्हणतें, तुम्हांस येथें अनुज्ञा नाहीं. आणि लगेच खालीं विचारतें, तरी पुढें जाऊं काय? कारभाऱ्यानें 'पुढें' म्हटलें कीं दार उघडतें. दुसरा कोणताही शब्द लागत नाहीं. म्हणजे गेलीं आठ वर्षें दादांस आमचें सर्व कांहीं पाहतां येत होतें! सूनबाई तेथेंच उभी होती. तिचा चेहरा उतरला. धाकटा भाऊही अस्वस्थ झाला. त्याच्या शेअरबाजारांतील पराक्रमांची हकीगत दादांपासून लपविलेली होती. आमच्या स्वतःच्या खात्यांत दादांविषयींच एक लेख पडून होता, त्यांच्या हट्टी स्वभावावर लिहिलेला, कधींही न छापलेला. कोणी कांहीं बोलेना.

पुतण्यानें तो ताण ओळखला. तो म्हणाला, "थांबा. 'पुढें' म्हटल्याची खूण राहते." अशा रीतीनें दार उघडलें म्हणजे उघडणाऱ्याचें नांव त्या फोल्डराच्या अनुज्ञा-यादींत कायमचें लिहिलें जातें, असें त्यानें सांगितलें. कुशल माणूस आडवाटेनें जाऊन ती खूण टाळूं शकेल, परंतु दादा त्या वाटेचे नव्हेत. त्यानें एकेकाची यादी आमच्यासमक्ष उघडून दाखविली. आंतील कागदास हात न लावतां ती पाहतां येते. सूनबाईच्या यादींत दादांचें नांव नव्हतें. धाकट्याच्या यादींत नव्हतें. मुलांच्या यादींत नव्हतें. आमच्या यादींत होतें.

आमच्या मनांत जें आलें तें लिहिण्यास लाज वाटते. त्या लेखांतील एक एक वाक्य आम्हांस आठवूं लागलें. वहिनी शांतपणें म्हणाल्या, "भावोजी, २०२१ च्या एप्रिलांत तुम्ही पुण्यास इस्पितळांत होतां. विम्याचे कागद हवे होते. तुम्हींच फोनवर सांगितलेंत, माझ्या खोलींतून घ्या म्हणून. मी इथेंच उभी होतें. त्यांनीं कागद घेतला आणि दार लावलें." खरेंच, आम्हींच सांगितलें होतें. करोनाच्या तापांत आम्ही तें साफ विसरलों होतों. आठ वर्षें हातीं किल्ली, आणि एकदांच ती फिरविली, तीही मालकाच्या सांगण्यावरून, त्याच्याच जिवासाठीं.

पुतण्या तरुण आहे. दार उघडल्यावर त्याचा पहिला उत्साह परत आला. घरचेंच यंत्र, घरचींच माणसें, मग दर वेळीं पडदा काळवंडून परवानगी कशास विचारावी, असें त्याचें म्हणणें. विंडोजमध्यें 'अॅडमिनिस्ट्रेटर' याच नांवाचें एक मूळचें खातें दडविलेलें असतें. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, तें आपसूक निजविलेलें असतें. एका ओळीच्या आज्ञेनें तें जागें करतां येतें. त्या खात्याला यंत्र कांहींच विचारीत नाहीं. तो खरा पुरा कारभारी. एरव्हीं ज्यास आपण कारभारी म्हणतों तोही बहुतेक वेळ साध्या माणसाप्रमाणेंच वावरत असतो. मोठें काम निघालें कीं यंत्र त्यास थांबवून विचारतें, आणि त्यानें होकार दिला म्हणजे तेवढ्या कामापुरता अधिकार त्याच्या अंगीं येतो.

आम्हांस हें ऐकून आमच्या आजोबांचें सोंवळें आठवलें. देवपूजेची वेळ झाली कीं ते आंघोळ करून सोंवळें नेसत, देवघरांत जात, आणि पूजा होतांच तें सोडून वलणीवर टाकीत. दिवसभर सोंवळ्यानें हिंडणाऱ्या माणसाचें सोंवळें बाजारांत विटाळणारच. संगणकाचीही तीच स्थिति आहे. पूर्ण अधिकाराच्या खात्यांतून कोणी पत्र उघडलें आणि त्यांत एखादा लबाड कार्यक्रम दडलेला असला, तर तो कार्यक्रमही पूर्ण अधिकारानेंच घरांत शिरतो. विंडोज ९५ व ९८ यांच्या काळीं घरच्या यंत्रावर जो बसेल तो कारभारी असे. २००१ च्या एक्सपींत खातीं आलीं, परंतु प्रथम बसवितांना जीं काढलीं जात तीं सर्वच कारभाऱ्याचीं! नानांच्या काळच्या बारभाईंनीं निदान राज्य सांवरलें. या बारभाईंनीं यंत्रें रोगट केलीं. वस्तुतः हा विचार नवा नव्हता. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत युनिक्सची उभारणी सुरू झाली, व त्या पद्धतींत सर्वाधिकारी 'रूट' निराळा आणि रोज काम करणारा निराळा ठेविला गेला. आणि १९७५ सालीं साल्ट्झर व श्रोडर या दोघां पंडितांनीं लिहून ठेविलें कीं प्रत्येकाच्या हातीं त्याच्या कामास पुरेल इतकाच कमींत कमी अधिकार असावा. घरच्या यंत्रांपर्यंत ही गोष्ट पोंचण्यास तीस वर्षें लागलीं.

पुतण्याशीं पुष्कळ वाद झाला. अखेर ठरलें तें असें. एक नवें खातें काढून त्यास 'कारभारी' असेंच नांव दिलें. बाकी सर्व खातीं साधीं. त्यांत आमचें, धाकट्या भावाचें आणि पुतण्याचेंही. पुतण्यास हें बरेंच लागलें. दादांचेंही खातें साधें केलें, पण मिटविलें नाहीं. कारभाऱ्याचा शब्द कागदावर लिहून लिफाफ्यांत घातला, आणि तो वहिनींच्या कपाटांत, आईच्या जुन्या जुडग्याशेजारीं ठेविला. ज्यास कांहीं नवें घालावयाचें असेल त्यानें वहिनींस बोलवावें व त्यांनीं शब्द द्यावा. "मला त्यांतलें काय कळतें?" वहिनी म्हणाल्या. त्यांना कळत नाहीं म्हणूनच त्या दर वेळीं 'हें काय आहे?' असें विचारतात, आणि त्या प्रश्नाचें सरळ उत्तर देतां न आल्यामुळें श्रावणापासून दोन खेळ आणि एक 'फुकट' कार्यक्रम माडीच्या जिन्यावरूनच परत गेले आहेत. त्यांतील एक आमचा होता.

तो बिननांवाचा फोल्डर वहिनींनीं एके दुपारीं एकट्यानें उघडला. दार लावलेलें होतें. खालीं आल्यावर त्यांनीं नित्याप्रमाणें चहाचें आधण ठेविलें.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नियमित देखभाल तिच्या कर्त्यांनीं थांबविली. आमचें यंत्र २०१७ चें, म्हणून विंडोज ११ त्यास आपल्यांत घेईना. दिवाळींत नवा संगणक आणावा लागला. जुन्याचा बाहेरच्या जगाशीं संबंध तोडून तो वहिनींच्या खोलींत नेऊन ठेविला आहे. नव्यावर पुतण्यानें पुन्हा खातीं मांडलीं, कारभारी वहिनींस नेमला, आणि आमचें खातें काढतांना पडद्यावर पुन्हा ते ओळखीचे प्रश्न आले. आम्हीं टोपणनांवाचा प्रश्न निवडला. पुतण्यानें शिष्टाचारानें तोंड खिडकीकडे वळविलें. आम्ही अक्षरें टाकीत आहों तोंच जिन्यावरून वहिनींचा आवाज आला. "भावोजी, तुमचेंही आत्याबाईंकडून विचारून घेतलें आहे हो, मागेंच!"

आम्हीं लिहिलेलें पुसलें आणि दुसरा प्रश्न निवडला.